यमामागे चाललेली बाई

माघ सरत आला की आमच्या नाशिकच्या इंदिरानगरात द्राक्षांच्या हातगाड्या येतात. सकाळी स्वेटर सुटत नाही आणि दुपारी पंखा लावावासा वाटतो, असे ते दिवस. आमचे हे फिरून येताना पिशवी भरून द्राक्षं आणतात. घरात माणसं दोन. एवढी कशाला आणलीत म्हणून मी कुरकुरते, ते म्हणतात, "सीझन आहे, खा गुपचूप." मग मी मिठाच्या पाण्यात घड बुडवते, देठाला धरून उचलते, आणि तिथंच माझा हात थांबतो. देठाला धरायचं, मण्याला बोट लावायचं नाही, हे मला पिंपळगाव बसवंतच्या बायकांनी शिकवलं. मण्यावर मेणासारखा पांढरट थर असतो, तो पुसला गेला की माल बाहेरच्या देशात जात नाही. सगळा जन्म प्राथमिक शाळेत शिकवण्यात गेला, पण द्राक्ष कसं धरावं हे मला साठी उलटल्यावर कळलं. त्या मोसमात मी आणखीही एक गोष्ट शिकले. ती शिकण्यासाठी दुसऱ्या बाईचं काळीज खर्ची पडलं, म्हणून ती सांगताना अजून जीभ अडखळते.

परवाच्या वर्षीची गोष्ट. पिंपळगावच्या एका पॅकहाउसची, म्हणजे द्राक्षं निवडून खोक्यांत भरायच्या शेडची, मालकीण ही माझी जुनी विद्यार्थिनी. तिनं फोन केला, "बाई, आमच्याकडच्या बायकांना लिहाय-वाचायला शिकवता का? त्याच मागे लागल्यात." मी बसलेच होते. निवृत्त मास्तरीण म्हणजे न वाजणारी घंटा, कुणी हात लावायची वाट बघत असते. हे म्हणाले, "तुला रिटायर करून सरकारनं चूक केली, आता पिंपळगावकरांनी भोगावं." दुसऱ्या दिवसापासून दुपारचं जेवण झालं की मी द्वारका चौकातून एस.टी. धरू लागले.

वर्गाची वेळ मोठी गमतीची होती. पाच वाजता काम सुटायचं आणि बायकांना गावोगाव सोडणारा टेम्पो पावणेसहाला निघायचा. मधला पाऊण तास तो माझा. शेडच्या मागच्या अंगाला रिकामे खोके रचलेले असत, त्यांच्या आडोशाला आम्ही बसायचो. दिवसभर गारठलेल्या शेडमध्ये उभं राहून बायकांची बोटं आखडलेली असत. त्या बाहेर येऊन आधी हात उन्हात धरायच्या, मग पेन्सिलीला हात लावायच्या. फळा नव्हता. खोक्याचा पुठ्ठा उलगडून भिंतीला टेकवला की झाला फळा.

पहिले पंधरा दिवस मी सपशेल तोंडावर आपटले. सवयीप्रमाणे कमळ, बदक, घर असली चित्रं घेऊन गेले होते. छबूआक्का म्हणून सत्तरीकडे झुकलेली एक बाई होती, जिभेला हाड नसलेली. ती म्हणाली, "बाई, बदक म्या रांधून खाल्लंय. त्याचं चित्तर कशाला दावता? मी काय अंगणवाडीत हाय का?" सगळ्या हसल्या. मीही हसले, पण बसमध्ये बसल्यावर रडू येईल असं वाटलं. तेव्हा मला पूर्वी एका शिबिरात ऐकलेलं आठवलं. तिथल्या बाई म्हणाल्या होत्या की मोठ्या माणसांना अक्षरं शिकवायची तर त्यांना एखादी प्रवासाची जुनी कथा द्या, देवादिकांची, पुराणातली. माणूस स्वतःचं दुःख सांगत नाही, पण कथेतल्या वाटसरूच्या पाठीवर ते हळूच ठेवतो. वाटसरू चालतो, म्हणजे दुःखही चालू लागतं. मला हे भारी पटलं होतं. मी वहीत लिहूनसुद्धा घेतलं होतं.

कथा कुठली घ्यावी याचा मी फार विचार केला नाही, हीच चूक. वडाला दोरा गुंडाळताना जी कथा प्रत्येकीनं ऐकलेली असते, तीच मी उचलली. यम नवऱ्याचे प्राण घेऊन पुढं चालला आहे आणि ती बाई त्याच्या मागून चालते आहे. तो म्हणतो परत जा, ती जात नाही. काटेकुटे येतात, नद्या येतात, ती थांबत नाही. मी पुठ्ठ्यावर पहिलं वाक्य लिहिलं: ती चालत होती.

"नवरा मेलाय आन् ही चालतीय?" नसीमनं विचारलं. नसीम पिंपळगावचीच, तिशीची, बोलायला मोकळी. तिला ही कथा माहीत नव्हती, म्हणून तिचे कान सगळ्यांत टवकारलेले. "फिर क्या हुआ, बाई? मिळाला का परत?"

"सांगते," मी म्हटलं. "पण एकदम नाही. वाट लांब आहे. रोज एक मुक्काम. आणि मुक्काम तुम्ही सांगायचा. ती कुठं थांबली, तिला कोण भेटलं, ते तुम्ही बोला, मी लिहिते, मग सगळ्यांनी वाचायचं."

कथेची अशी मोडतोड करायला मी काही पुराणिक नव्हे. पण बायका जे बोलू लागल्या ते ऐकून मी थक्क झाले. छबूआक्कानं सांगितलं की चालणाऱ्या बाईला नदीला पूर आलेला दिसला आणि पलीकडच्या काठावर तिचा भाऊ उभा होता, तो हाका मारत होता, पण पाण्याच्या आवाजात ऐकू येईना. आक्काचा भाऊ पुरात वाहून गेला होता हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. आक्कानं ते वाक्य तीनदा वाचलं, बोट ठेवून ठेवून. मग म्हणाली, "ह्ये माझं हाय." पुठ्ठा फाडून घरी घेऊन गेली. तिच्या घरात वाचणारं दुसरं कुणी नव्हतं.

नसीमचा मुक्काम अजून आठवतो. ती म्हणाली, बाईला रानात एक घर लागलं, घरात पाळणा होता, पाळण्यात कुणी नव्हतं. तरी बाईनं दोन झोके दिले आणि मग पुढं निघाली. सांगताना नसीम हसत होती. मी लिहिताना पाठ फिरवून उभी होते, ते बरं झालं. पाळणा शब्दातला ळ तिला त्या दिवशी पहिल्यांदा जमला, आणि नंतर कितीतरी दिवस ती जागा मिळेल तिथं नुसता ळ काढत असे, खोक्यांवर, हातमोज्यांवर, टेम्पोच्या धुळीत.

मला काय वाटत होतं ते उगाच लपवत नाही. मला वाटत होतं, आपण या बायकांना बरं करतोय. बसच्या खिडकीत बसून मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत असे. आडगावच्या आसपास कधी नुकतीच डोकी भादरलेल्या माणसांनी भरलेली जीप दिसायची, अस्थी घेऊन पंचवटीकडे निघालेली. आमच्या नाशकात हे रोजचंच. लोक इथं आपलं माणूस सोडायला येतात, पाण्यात सोडतात, जेवतात आणि परत जातात. मी त्या जिपेकडे बघून विचार करायचे की यांनाही कुणीतरी एक गोष्ट द्यायला हवी. एवढी मी चढले होते.

आणि या सगळ्यात मथुराबाई गप्प होती.

मथुराबाई चाळिशीची असेल. सडसडीत, कपाळ मोकळं, कानात काही नाही. निवडीच्या टेबलावर तिच्यासारखा हात कुणाचा चालत नसे. कातरीचं टोक घडात घालून बिघडलेला मणी ती असा काढायची की शेजारच्या मण्याला पत्ता लागत नसे. नवरा जाऊन वर्ष झालं होतं. लेक लग्न होऊन दिंडोरीकडे दिलेली. वर्गात ती सगळ्यांत पुढं होती. बाकीच्या काना-मात्र्याशी झगडत होत्या तेव्हा ती जोडाक्षरांत शिरली होती. पण मुक्काम सांगायची पाळी आली की म्हणायची, "मला नाय येत, बाई. दुसरीला द्या." आणि वर्ग सुटला की टेम्पोत चढण्याआधी मला गाठायची. "बाई, भुसावळ लिवून द्या. जळगाव लिवून द्या. चाळीसगाव." मी लिहून द्यायचे. मला वाटायचं, हिच्या मनात कुठं फिरायला जायचं आहे.

होळीच्या अलीकडं कधीतरी एकदा, कथेतल्या बाईला वाटेत तीन फाटे लागले आहेत असं कुणीतरी सांगितलं. यम दिसेनासा झालाय, कुठल्या फाट्यानं जावं कळत नाही. मी लिहीत होते. मागून मथुराबाईचा आवाज आला.

"बाई, तिला वाट वाचाया येत व्हती का?"

"म्हणजे?"

"फाट्यावर पाटी असंल ना. तिला वाचता येत व्हतं का?"

मी म्हटलं, "त्या काळी पाट्या कुठल्या, मथुराबाई? ती आपली मनाच्या ओढीनं गेली."

"वढ मला बी व्हती," ती म्हणाली. आणि मग तिथंच, खोक्याला पाठ टेकून, तिनं सांगितलं. एका दमात, वर न बघता.

तिचे मालक गाडीवर ड्रायव्हर होते. जळगावकडं माल घेऊन गेले आणि पलीकडं गाडी पलटी झाली. सकाळी फोन आला, जळगावच्या दवाखान्यात आहेत, लवकर या. दीर म्हणाले थांबा, मी मळ्यातून येतो, संगं जाऊ. ती थांबली नाही. कुणीतरी म्हणालं मनमाडला जा, तिथं सगळ्या गाड्या थांबतात. ती एस.टी.नं मनमाडला गेली. स्टेशनात एका माणसाला विचारलं, जळगावची गाडी कुठली? त्यानं हात केला. ती त्या बाजूला गेली तर तिथं दोन गाड्या उभ्या, अलीकडं एक, पलीकडं एक. भोंग्यात काय बोलतात ते गलक्यात समजेना. "पुन्यांदा इचारायची लाज वाटली बाई. सगळी माणसं कशी घाईनं चढत व्हती. मला वाटलं, आता इचारलं तर म्हनतील, एवढी बाई आन् हिला कळत नाय. चढले." गाडी सुटली. बरंच अंतर गेल्यावर तिनं शेजारणीला विचारलं, जळगाव कधी येईल? ती बाई म्हणाली, जळगाव कुठलं, ही नांदेडला चाललीय. रोटेगावला उतरली. परतीची गाडी मिळून मनमाडला यायला दिवस मावळला. तिथून रात्री उशिराची गाडी धरून जळगावला ती सकाळी पोचली.

"दिवेलागणीला गेले म्हनाले. शिस्टर म्हनली, चार वाजल्यापून इचारत व्हते, आली का, आली का. दाराकडं त्वांड करून निजवा म्हनले." मथुराबाईनं पदर नीट केला. "नीट गाडी धरली असती तर चारला मी तिथं व्हते. इचारू नगा कसं ठाव. म्या समद्यांना इचारून काढलंय."

नसीमनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला तशी मथुराबाई उठली, आणि जाताना म्हणाली, "अस्थी मातुर बराबर पोचवल्या. रामकुंडावर समदे घेऊन जात्यात. तिथं चुकायची सोय नाय."

त्या रात्री जेवताना मी यांना सगळं सांगितलं. यांनी ताटावरून हात काढला. मग म्हणाले, "तू आता काय करणार आहेस?"

मी काय करणार आहे हे माझं बसमध्येच ठरवून झालं होतं. प्रवासाच्या कथेत वाटसरू ज्या जागी हरतो, त्या जागी त्यानं परत जायचं असतं. ती जागा जिंकायची असते. माझ्या वहीत तसंच लिहिलेलं होतं. मथुराबाईला आता वाचता येतंय. तिला मनमाडला घेऊन जायचं. तिनं स्वतः पाटी वाचायची. तिची परीक्षाही होईल आणि मनातली गाठही सुटेल. हे म्हणाले, "जरा जपून. वर्गातली परीक्षा वेगळी." मी म्हटलं, तुम्हाला यातलं काय कळतं. करायला गेले एक आणि झालं भलतंच, असं म्हणायलाही मला तोंड नाही, कारण मला कुणी सावध केलं नव्हतं असं नाही.

मोसम संपत आला होता. सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघी चांदवडमार्गे मनमाडला गेलो. मथुराबाईनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं. बसमध्ये ती दुकानांच्या पाट्या वाचत होती, अर्ध्या तोंडात, लहान मुलांसारखी. कृषी सेवा केंद्र. हेअर सलून. रसवंती. मी खूश. मी तिला चॉकलेट दिलं, तेही आठवतंय. शाळेतल्या पोरीला द्यावं तसं दिलं, आणि तिनं ते पदराला बांधून ठेवलं.

स्टेशनात शिरताना ती माझ्या हाताला धरून होती. पुलावरून आम्ही फलाटावर उतरलो. ऊन चांगलंच चढलं होतं, भेळवाले ओरडत होते, कुणाकुणाच्या बॅगा पायाला लागत होत्या. मी म्हटलं, आता मी काही सांगणार नाही. तिनं मान हलवली. मग एक गाडी आली आणि आमच्यासमोर थांबली. माणसं चढायला धावली. मथुराबाई जागची हलली नाही. डब्याच्या अंगावर लावलेल्या पाटीकडं तिनं बघितलं. ओठ हलले. मग ती मोठ्यानं म्हणाली, "नांदेड."

मी टाळी वाजवली. हो, मी टाळी वाजवली. त्याबद्दल मी अजून स्वतःला माफ केलेलं नाही.

तिनं पुन्हा वाचलं. नां. दे. ड. बोटानं हवेत एक एक अक्षर दाखवत. गाडी हलली, डबे एकामागून एक समोरून जाऊ लागले आणि प्रत्येक डब्यावर तीच पाटी, तेच नाव. ती प्रत्येक पाटी वाचत राहिली. शेवटचा डबा गेला तशी ती माझ्याकडं वळली. चेहरा असा झाला होता की मी हात पुढं केला, ती पडेल म्हणून.

"एवढंच व्हतं, बाई?" ती म्हणाली. "तीन अक्षरं?"

मी तिच्या दंडाला धरलं.

"मला वाटायचं लय मोठं काय असंल. शिकल्याल्या मानसाचं. म्हनून मला नाय जमलं. मला वाटायचं, त्ये माझ्या हातातलं नव्हतंच." तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "तुम्ही मला दोन म्हैन्यांत शिकवलं. दोन म्हैन्यांचं काम व्हतं ह्ये. साऱ्या जन्मात मला दोन म्हैनं घावलं नाय व्हय?"

मी तिला जवळ घेतलं. ती लाकडासारखी उभी राहिली. रडली असती तर बरं झालं असतं, पण ती रडली नाही, आणि भर फलाटावर मीच रडत बसले. लोक बघत होते. शेवटी तिनंच मला पाणी आणून दिलं. परतीच्या बसमध्ये ती पाट्यांकडं बघत नव्हती, मांडीवरच्या हातांकडं बघत होती. पिंपळगावला उतरताना तिनं पदराची गाठ सोडून चॉकलेट माझ्या हातात ठेवलं. "लेकराला द्या कुणाच्या तरी," म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून ती वर्गाला आली नाही. काम सुटलं की जाऊन टेम्पोत बसायची. मी एकदा टेम्पोपाशी गेले. ती म्हणाली, "माझं झालं शिकून, बाई. बाकीच्यांना शिकवा." आठवडाभरानं द्राक्षं संपली, पॅकहाउसला कुलूप लागलं.

त्या दिवसांत मी घरात वाट्टेल तशी वागले. यांनी एकदा हळूच म्हटलं, "तू तिला पास केलंस, एवढाच तुझा गुन्हा." मी ताडकन म्हणाले, "मी तिला यमाच्या मागं चालायला लावलं आणि सांगितलं की नीट चाललीस तर मिळतो. तुमच्या लक्षात येतंय का? मी एका विधवेला ती कथा सांगितली." माझे हे समोर बसलेले, चष्मा कपाळावर, शर्टाचं बटण खालीवर लावलेलं, जिवंत. मी पिंपळगावहून रोज परत यायचे तेव्हा ते चहा टाकून वाट बघत असायचे. मथुराबाईनं हे एकदा विचारलंही होतं, अगदी सुरुवातीला. "तुमचे हाईत ना घरी?" मी हो म्हणाले होते आणि लगेच पुढची ओळ लिहायला घेतली होती.

लोक म्हणतात शहाणपण कधी वाया जात नाही. मला तर वाटतं वहीत लिहून घेतलेल्या शहाणपणाइतकी घातकी चीज नाही. आपल्याकडच्या सगळ्या जुन्या प्रवासांच्या कथा पोचणाऱ्यांच्या आहेत. वनवास संपतो, समुद्र ओलांडता येतो, यमसुद्धा शेवटी बाईच्या हट्टापुढं हरतो. जी पोचली नाही तिची कथा कुणी सांगितली नाही, कारण ती सांगून कुठलं व्रत करणार? आणि माझ्या त्या पाऊण तासाच्या वर्गात बसलेल्यांपैकी एकीचंही माणूस परत आलेलं नव्हतं. आक्काचा भाऊ नाही, नसीमचं बाळ नाही. त्या दोघींनी शहाण्यासारखं यमाला वगळून टाकलं होतं. आपापला मुक्काम घेऊन त्या बाजूला झाल्या होत्या. मथुराबाईनं एकटीनं कथा शेवटपर्यंत खरी मानली होती.

मागच्या मोसमात मी गेले नाही. गुडघ्याचं कारण सांगितलं. गुडघे दुखतात हे खरंच आहे, पण ते त्याआधीही दुखत होते. वर्ग मालकिणीच्या सुनेनं चालवला म्हणे. या वर्षी हातगाड्या लागल्या, हे पिशवी घेऊन आले, मी देठ धरून उभी राहिले, आणि हे म्हणाले, "एकदा जाऊन ये. नाहीतर मी पुन्हा द्राक्षं आणणार नाही." दुसऱ्या दिवशी द्वारकेवर जाऊन मी पिंपळगावची बस पकडली.

शेडमध्ये शिरायचं तर डोक्याला टोपी घालावी लागते. टोपी घालून मी आत गेले. गारठा तसाच होता. लांबलचक टेबलांवर घड ठेवलेले, दोन्ही बाजूंना बायका, कातऱ्यांचा बारीक आवाज. नसीमनं मला आधी बघितलं. ती आता वजनकाट्यापाशी बसते, चिठ्ठीवर लिहिते. "बाई आल्या," ती म्हणाली, आणि दोघीतिघींनी माना वळवल्या. मथुराबाई टेबलाच्या टोकाला होती. तिनंही बघितलं. हात थांबला नाही.

मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. वाटेत काय काय बोलायचं ठरवलं होतं ते सगळं गेलं. मी नुसतं म्हणाले, "मथुराबाई, माझं चुकलं."

"काय चुकलं?"

"तुम्हाला मनमाडला नेलं ते."

तिनं एक मणी कापला, बाजूच्या डब्यात टाकला. "नेलं ते बरं केलं. आज ना उद्या मीच गेले असते. तुम्ही गोष्ट चुकीची सांगितली."

"हो," मी म्हटलं.

"तिचा परत आला. कुणाचा येतो?" तिनं मानेनं टेबल दाखवलं. "हितं उभ्या हाईत समद्या. इचारा."

कातऱ्या चालू होत्या, पण बायका ऐकत होत्या हे कळत होतं.

जरा वेळानं ती म्हणाली, "लिवायला काय हाय का?"

माझ्या पिशवीत पेन होतं. नसीमनं रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा आणून दिला. मी टेबलाच्या कडेला तो धरला.

"लिवा. तिला उशीर झाला." मी लिहिलं. "ती वाट चुकली. ती मागं आली आन् पुन्यांदा निघाली. ती पोचली तवर यम गेला व्हता." ती सांगत होती आणि घड फिरवत होती, मणी तपासत होती. मी तिच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे घेत होते, काही सुधारत नव्हते. "लिवलं?"

"लिहिलं. पुढं?"

"पुढं ती घरी येती. चूल पेटवती. भाकरी करती." ती थांबली. कातरीही थांबली. "दोन ताटं काढती. मंग एक ठेवून देती."

मी लिहिलं. हाताला गारठा झोंबत होता, अक्षर वेडंवाकडं आलं. मी पुठ्ठा तिच्यासमोर धरला. तिनं कातरी खाली ठेवली, हातमोजा काढला आणि बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. दोन वर्षांनी वाचत होती, तरी कुठं अडली नाही. टेबलावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिनं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. शेवटच्या ओळीवरचं बोट तिनं उचललं नाही.

"एक राह्यलं, बाई," ती म्हणाली. "रोज लिवा. रोज काढती. रोज ठेवती."

मी पेन उघडलं तर तिनं ते माझ्या हातातून घेतलं. देठ धरावा तसं धरलं, आणि दोन्ही ठिकाणी 'रोज' स्वतः लिहिलं.